तेल पोचू दे

बाबालाल मिस्त्री आमच्या घरी आले की पहिलं एक मिनिट बोलत नाहीत. चपला दाराबाहेर काढतात, लाकडी खुर्चीत बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात. "काय मिस्त्री, आज इकडे कुठे?" असं विचारलं तर उजवा हात थोडा वर करतात. म्हणजे थांबा. एकदा माझी नणंद मुक्कामाला आली होती. तिला वाटलं, कुणीतरी गेल्याची बातमी घेऊन आलेत. तिनं घाबरून पाणी आणून पुढं धरलं. मिस्त्रींनी ते घेतलं, हातात धरलं आणि मिनिट संपल्यावर प्यायले. मग म्हणाले, "हां. बोला बाई. तेल पोचलं."

जातानाही तीच गत. बोलणं संपलं, चहा संपला, मिस्त्री उठून उंबऱ्यापाशी गेले, की तिथं दोन मिनिटं उभे. आता या दोन मिनिटांत यजमानानं करायचं काय? दार लावता येत नाही, आत जाता येत नाही, नवीन विषय काढावा तर तो अर्ध्यावर सोडून ते चालू लागतात. मी शाळेत गणित शिकवते. थांबणं हा माझा प्रांतच नव्हे. कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा मला उशिरा होते असं वाटतं. आणि शिवाजी पेठेत एवढ्या गल्ल्या असताना या माणसाचं गॅरेज नेमकं माझ्याच दारासमोर! नशीब, दुसरं काय.

या थांबण्याचं मूळ टर्बोत आहे. टर्बो म्हणजे काय हे मिस्त्रींनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेत सांगीन. "हे बगा बाई. इंजनाचा धूर सायलेन्सरमधनं वायाच जातोय न्हवं? त्या धुराच्या जोरावर ह्यो पंखा फिरतोय. पंखा फिरला की इंजनात हवा कोंबली जातीया. हवा जास्त, ताकद जास्त. पर त्यो पंखा फिरतोय मिनिटाला लाखाच्या घरात. त्याचा दांडा कशावर हाय? तेलावर. नुसता तेलावर तरंगतोय. तेल पोचायच्या आत पळवलासा, की जळून बसला."

म्हणून गाडी सुरू केली की मिनिटभर तशीच चालू ठेवायची, तेल वर पोचू द्यायचं. आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं हळू चालू ठेवायची, तापलेला टर्बो निवू द्यायचा. एवढंच शास्त्र. पण मिस्त्रींनी ते माणसांनाही लावलं. सकाळी मी पदर खोचून, पर्स काखेत मारून शाळेकडे धावत सुटले की गॅरेजमधून आवाज येतोच, "बाई, गार इंजनावर पळवताय! तेल पोचू दे की!"

तेलाच्या नळीचा त्यांचा दुसराही एक नियम आहे. टर्बोला तेल नेणारी नळी करंगळीपेक्षा बारीक, आणि तेल परत खाली आणणारी अंगठ्यापेक्षा जाड. आणि परतीची सरळ खाली, वाटेत कुठं पोट पडायचं नाही, नाहीतर तेल तुंबतं. हाही नियम ते कुठंही लावतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली वाकून त्यांनी मान हलवली होती, "रिटर्नला उतारच न्हाय." माझ्या शिकवण्याबद्दलही त्यांचं मत आहे. "पोरांच्या डोक्यात वरनं बेतानं सोडा. भसाभसा ओतलासा तर कानातनं गळंल." मी चिडले होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात अपूर्णांक शिकवताना मी दोनदा थांबले, हेही खरं.

आता जीप. गॅरेजच्या कोपऱ्यात एक हिरवी जीप उभी असते. मिस्त्रींची स्वतःची. दुसऱ्यांच्या गाड्या त्यांच्याकडून दोन-चार दिवसांत बाहेर पडतात. ही नऊ वर्षं आत होती. आमच्या गल्लीत कुणाचं काही काम रखडलं की "मिस्त्रींची जीप झाली" असंच म्हणतात. त्या जीपला मिस्त्री टर्बो बसवत होते. टर्बो बसून कधीच झाला होता. अडलं होतं ते त्या करंगळीहून बारीक तेलाच्या नळीपाशी.

यामागची हकिगत जैतुनभाभीकडून ऐकावी. भाभी म्हणजे मिस्त्रींची बायको. गोरी, ठेंगणी, तोंडाळ, आणि मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही "मी आलो, मी गेलो" असंच बोलते. तिचं माहेर कोकणात, फोंडा घाटाच्या पायथ्याशी. तिथं तिची थोरली बहीण असते, आपा. पूर्वी मिस्त्री आणि भाभी दर वर्षी या जीपनं तिच्याकडे जायचे. राधानगरीवरून जाताना उतार, त्यामुळे काही अडचण नाही. येताना मात्र आपा गाडीत नारळ, तांदूळ, फणस, कोकम असं काय काय भरायची, आणि घाटातल्या एका मोठ्या वळणावर जीप दम टाकायची.

"मी म्हंजे ह्यांचा हँडब्रेक," भाभी सांगते. "गाडीचा हँडब्रेक धरायचा न्हाय, मग हे ब्रेकवर पाय देऊन बसायचं. मी उडी मारून उतरायचो, सीटखालचा दगड काढायचो आनि मागच्या चाकाला लावायचो. इंजन गार झालं की दगड उचलायचा आनि पळत पळत गाडीत. चालत्या गाडीत, बाई! हातात एवढा धोंडा!"

नऊ वर्षांपूर्वी त्याच वळणावर तिचा गुडघा गेला. "घसरलो की. खडी व्हती सुट्टी. डोळं फुटलं व्हतं माझं," असं ती हसत हसत सांगते. गुडघ्यात स्क्रू आहेत. "ह्यांच्याच गॅरेजातलं बसिवलंत," असंही सांगते. तिची ही गोष्ट सुरू झाली आणि मिस्त्री तिथं असले, तर ते उठून कुठलातरी पाना शोधायला जातात.

भाभी दवाखान्यातून घरी आली त्याच महिन्यात मिस्त्रींनी टर्बो आणला. जीप घाटात थांबता कामा नये आणि भाभीला उतरायला लागता कामा नये, असा निश्चय. तोवर माहेर बंद. मी म्हटलं, भाड्याची गाडी करून जा की. तर भाभी म्हणाली, "भाड्याच्या गाडीनं जायला मी काय तिथली पावणी हाय?" आणि मिस्त्री म्हणाले, "दुसऱ्याच्या इंजनावर आपला भरवसा न्हाय." दोघंही एकाच मातीचे. बोलून काय उपयोग?

मग सुरू झाली नळी. पहिली नळी रबराची. "सायलेन्सरच्या जवळनं जातीया, भाजंल." काढली. दुसरी तांब्याची. "थरथरीनं तडा जाईल." काढली. तिसरी तारेच्या विणीची, चांगली भक्कम. तर म्हणे परतीच्या नळीला पोट पडलंय. ती सरळ केली, तर जोडाच्या आट्यांवर कुणीतरी पांढरी टेप लावलीय. "टेपेचा धागा आत गेला तर?" ती टेप दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच लावली होती. सगळं खोललं, धुतलं, परत जोडलं. असं करत नऊ वर्षं. मला वाटायचं, या माणसाला जीप सुरू करायचीच नाही. एकदा मी ते त्यांच्या तोंडावर बोलले. मिस्त्रींनी उजवा हात वर केला. मी मिनिटभर थांबले. मिनिट संपलं तरी ते बोलले नाहीत.

परवाच्या पावसाळ्यानंतर आपाचा फोन आला. नातीचा निकाह ठरला होता, दिवाळी झाली की पुढच्या रविवारी. आपा ऐंशीच्या पुढची. तिनं सांगितलं, "जैतून, माझी नजर चाललीये. या खेपेला आलीस तर तुझं तोंड मला दिसेल. पुढच्या खेपेचं सांगता येत नाही."

भाभीनं फोन ठेवला आणि गॅरेजला लागून असलेल्या त्यांच्या माडीच्या खिडकीतून खाली गॅरेजकडे तोंड करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "निकाहाच्या आदल्या शनिवारी सकाळी जीप निघाली तर निघाली. न्हायतर मी परत माहेराचं नाव काढणार न्हाय आनि ह्या गाडीत बसणार न्हाय. कळलं?"

मिस्त्री जीपखाली होते. तिथून पान्याचा आवाज थांबला तेवढं मला कळलं.

आणि आता माझं पाप सांगते. निकाहाच्या आधी आली खंडेनवमी. त्या दिवशी मिस्त्री काम बंद ठेवतात. पाने, जॅक, ड्रिल सगळं पुसून, तेलाचा हात देऊन सतरंजीवर मांडतात. त्यांच्या उस्तादानं घालून दिलेली ही रीत आहे आणि ती ते कधी चुकवत नाहीत. झेंडूच्या माळा भाभी करते. हळदकुंकू वाहायला मला बोलावतात, कारण मिस्त्रींच्या मते "गणिताच्या माणसाचा हात नेमका पडतोय."

पडला की हो नेमका! जीपचं बॉनेट उघडं होतं. टर्बोच्या डोक्यावर, जिथं तेलाची नळी जोडायची, तिथल्या भोकात फडक्याचा बोळा कोंबलेला होता. काळाकुट्ट, कळकट. सणासुदीला असलं फडकं? मी ते उपसून बाजूला ठेवलं, टर्बोला कुंकवाचं ओलं बोट लावलं आणि वरून अक्षता टाकल्या. मग, मोठ्या शहाणपणानं, बोळा होता तिथं परत दाबून बसवला.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा मिस्त्रींनी नळी जोडली. इंजिन सुरू करण्याआधी त्यांची एक परीक्षा असते. डिझेल बंद ठेवायचं, नुसता स्टार्टर मारून इंजिन फिरवायचं आणि परतीच्या नळीच्या तोंडाखाली स्टीलची वाटी धरायची. वाटीत तेल पडलं तर टर्बोला तेल पोचलं. नाही पडलं, तर चावीला हात लावायचा नाही. स्टार्टरचं बटण दाबायला मी बसले, कारण दहा आकडे नीट मोजणारं माणूस त्यांना हवं होतं. भाभी खिडकीत उभी. तिच्या बाजूला खिडकीतच पिशवी भरून ठेवलेली मला दिसत होती.

दहा मोजले. वाटी कोरडी. मिस्त्री म्हणाले, परत. परत दहा. कोरडी. पाच वेळा झालं. स्टार्टरचा आवाजही आता रडका यायला लागला.

"मिस्त्री, सुरू तरी करा," मी म्हटलं. "इंजिन चाललं की येईल आपोआप तेल."

"तेल दिसल्याबिगर चावी न्हाय."

"अहो, परवा निघायचंय!"

"तेल दिसल्याबिगर चावी न्हाय."

वर भाभीनं खिडकी लावून घेतली. ती कडी पडल्याचा आवाज ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला जायचंच नाहीये मिस्त्री! नऊ वर्षं नुसती कारणं शोधताय! तिकडे ती म्हातारी वाट बघतेय आणि तुम्ही वाटी धरून बसलाय!" असं मी भर गल्लीत ओरडले. मिस्त्रींनी हातही वर केला नाही. त्यांनी पाना घेतला आणि खालून एकेक जोड खोलायला लागले. मी रागानं घरी आले आणि विनाकारण भांडी घासली.

संध्याकाळी चारच्या सुमाराला मिस्त्री आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले, कॅलेंडरकडे बघितलं. हातात वर्तमानपत्राचा एक कपटा होता. मिनिट झालं. त्यांनी कपटा माझ्यासमोर उघडला. आत तांदळाचे चार दाणे. तेलात भिजलेले, कुंकवानं लाल आणि एकमेकांना चिकटलेले.

मला कुणी काही सांगावं लागलं नाही. काळं फडकं डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या दिवशी धरणी दुभंगून मला पोटात घेती तर मी आनंदानं गेले असते.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "तांदूळ निवडून घेतलतासा व्हय?"

"हो," मी कशीबशी म्हणाले. "पूजेचे होते ना. अखंड बघून घेतले होते."

"तेच म्हणतो मी. अखंड व्हतं म्हणून तोंडालाच अडकलं. कणी असती तर पार आत दांड्यापतोर गेली असती. तेल थोडंथोडं आलं असतं, वाटीत दिसलं असतं, आनि घाटात टर्बो जळून बसला असता." त्यांनी कपट्याची घडी घातली. "तुम्ही निवडलासा म्हणून वाचलो."

मी त्यांना गल्लीसमोर काय काय बोलले होते! माझं ऐकून त्यांनी चावी फिरवली असती तर सगळं जळून गेलं असतं. आणि हा माणूस माझीच पाठ थोपटून उंबऱ्यापाशी दोन मिनिटं उभा. त्या दिवशी ती दोन मिनिटं मला पुरली नाहीत. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, चुकले मी." त्यांनी उजवा हात वर केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहा मोजले, आणि सातालाच वाटीत तेल पडलं. नवंकोरं, मधाच्या रंगाचं. वरून खिडकी उघडली. "आलं?" भाभीनं विचारलं. "आलं," मी म्हटलं. मिस्त्री वाटी दोन्ही हातांत धरून उन्हात बघत राहिले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. भाभीला चढ-उतर करायला बाईमाणूस हवं म्हणून मी, आणि मिस्त्रींना तेलाच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवणारं माणूस हवं म्हणूनही मीच. मागच्या सीटवर बसून, दोघांच्या मधून मान घालून मी काटा वाचत होते. घाटातून कसं उतरलो मला माहीत नाही, मी फक्त काटा बघितला.

आपानं भाभीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इतक्या जवळून बघितला की दोघींची नाकं लागली. बराच वेळ तशाच होत्या. मी तिथून उठून विहिरीकडे गेले, कारण मला रडू येत होतं आणि मी तर त्यांची कुणीच नव्हे. मिस्त्री निकाहाच्या मांडवात जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघत होते. "आत यायचं दार बारीक पायजे, भाईर जायाचं मोठं. तुंबणार हितं," असं ते नवऱ्यामुलाच्या चुलत्याला सांगत होते. आणि तुंबलंच.

सोमवारी परत निघालो. जीपमध्ये नारळाची दोन पोती, तांदूळ आणि कोकम. माझ्या पायाशी जागा नव्हती, मांडीवर पोह्यांचा डबा. घाट सुरू झाला.

"काटा?" मिस्त्री विचारत.

"मध्यावर."

"काटा?"

"मध्यावर, मिस्त्री. तुम्ही रस्ता बघा."

ते मोठं वळण आलं हे मला भाभीवरून कळलं. तिचा हात आपोआप सीटखाली गेला. तिथं तो जांभा दगड होता, नऊ वर्षं जागच्या जागी. मिस्त्रींनी गिअर बदलला, टर्बोची शीळ वाढली, आणि जीप ते वळण सरसर चढून गेली. थांबली नाही, कुरकुरली नाही, काही नाही. मी आनंदानं ओरडणार होते, तेवढ्यात वळणापुढच्या रुंद जागेत मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं? काटा तर मध्यावर आहे!"

उजवा हात वर. दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवून त्यांनी बंद केलं. नवा हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये घातली, उतरले आणि भाभीच्या बाजूला आले.

"दगड दे."

"आता कशाला?"

"दे. तू बसून ऱ्हा. आज मी लावतो."

त्यांनी दगड नेऊन मागच्या चाकाला लावला, पायानं दाबून बघितला आणि परत भाभीच्या बाजूला येऊन उभे राहिले. खाली दरीत कुठंतरी कोंबडा आरवत होता. एक मिनिट झालं. मग ते म्हणाले, "तू घसरली न्हवतीस, जैतून. ब्रेकवरचा माझा पाय सुटला व्हता. गाडी मागं आली." आणि थोडं थांबून म्हणाले, "नऊ वर्सं झाली. सांगू म्हणत व्हतो. तोंडच उघडत न्हवतं."

मला जीपमधून उतरून जावंसं वाटलं, पण दोन्हीकडे नारळाची पोती होती.

भाभी समोर बघत होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी मागंच हुबा व्हतो की. ब्रेकचा लाल दिवा इझलेला मला दिसला न्हाय व्हय?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षं हा माणूस नळ्या बदलत होता, आणि नऊ वर्षं ही बाई अख्ख्या पेठेला खडीवरून घसरल्याचं हसत हसत सांगत होती. त्यांनी जीपच्या दांडीला धरलं आणि मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते.

भाभीनं हात बाहेर काढला आणि त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली. "आपाला, शेजारापाजाऱ्यास्नी, सगळ्यांस्नी मी घसरलो असंच सांगितलंय," ती म्हणाली. "आता ह्या वयात मला खोटं पाडू नगा. दगड आना हिकडं."

त्यांनी दगड आणून दिला. तिनं तो पदरानं पुसून सीटखाली ठेवला. मिस्त्री स्टिअरिंगवर येऊन बसले, इंजिन सुरू केलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिले. एरवी मी सेकंद मोजते. त्या दिवशी मोजले नाहीत.